जुना आयपॉड गाडीच्या स्टिरिओला जोडल्यावर तानपुऱ्यात शिट्टी मिसळते, ती कशी घालवावी?

कृष्णाकाठ (सांगली):

सर्व सदस्यांना नमस्कार. प्रश्न थोडा जुन्या काळातला वाटेल, परंतु गेले दोन महिने तो मला छळतो आहे, म्हणून सविस्तर मांडतो.

माझ्या वडिलांनी मिरज-सांगलीतील घरगुती बैठकींची आणि उत्सवांतील गायनाची बरीच ध्वनिमुद्रणे कॅसेटवर जमवली होती. २०१२ च्या सुमारास मी ती सगळी संगणकावर उतरवून घेतली आणि १६० जीबीच्या आयपॉड क्लासिकमध्ये भरली. तेव्हापासून तो आयपॉड वडिलांच्या उशाशी असतो. मधल्या चाकावरून अंगठा फिरवून हवा तो राग काढण्याची त्यांना इतकी सवय झाली आहे की मोबाइलवरचे कोणतेही ॲप त्यांना नको असते. दर पंधरवड्याला मी त्यांना बहिणीकडे साताऱ्याला घेऊन जातो. आष्ट्यावरून पेठ नाक्याला महामार्गाला लागायचे, मग कराड, उंब्रज आणि सातारा, असा साधारण अडीच तासांचा प्रवास होतो. एवढ्या वेळात एक बैठक निवांत ऐकून व्हायला हवी, आणि नेमके तेच जमत नाही.

गाडी २०१३ ची छोटी हॅचबॅक आहे. स्टिरिओ गाडीबरोबरच आलेला असून त्यात रेडिओ, सीडी आणि यूएसबी आहे, ब्लूटूथ नाही. सुरुवातीला मी सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एक एफएम ट्रान्समीटर आणला. सांगलीत तो बरा चालला, पण विलंबित आलाप सुरू झाला की मागून सतत सूं सूं असा आवाज येत राही, आणि कराड ओलांडल्यावर तर भीमपलासीच्या मध्येच कोणीतरी बाजारभाव सांगू लागले. मग आयपॉड त्याच्या वायरने यूएसबीला जोडला, तेव्हा पडद्यावर केवळ ‘एरर’ अशी अक्षरे उमटली. शेवटी स्टिरिओवरचे एक रबरी झाकण उघडून पाहिले आणि खाली ऑक्सचे, म्हणजे बाहेरचा प्लेअर वायरीने जोडण्याचे, ३.५ मिलिमीटरचे छिद्र सापडले. बारा वर्षे ते मला दिसले नव्हते, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

ऑक्स वायरने आवाज सुंदर आला. मात्र आयपॉडची बॅटरी आता थकली असल्याने मी तो गाडीतल्या चार्जरलाही लावला, आणि लगेच एक बारीक शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर चढतो, पाय काढला की उतरतो. वडिलांनी दहा मिनिटे शांतपणे ऐकले आणि मग विचारले, “हा तिसरा तानपुरा कोणाचा?”

स्टिरिओ बदलणे, ट्रान्समीटर अधिक चांगला घेणे किंवा आणखी काही करणे, यांपैकी योग्य मार्ग कोणता? गाडीची मूळ वायरिंग कापण्याची माझी तयारी नाही.


प्रवासी (कराड):

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला खरोखरच समजले नाही. स्टिरिओला यूएसबी आहे, तर सर्व गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत आणि विषय संपवावा. आयपॉड क्लासिकचे उत्पादन २०१४ मध्येच बंद झाले आहे. त्याच्यासाठी आता वायरी आणि चार्जर शोधत बसणे म्हणजे बैल गेल्यावर झोपा करण्यासारखे आहे.


कृष्णाकाठ (सांगली):

आपली सूचना मी अमलात आणून पाहिली होती. मूळ संगणक केव्हाच बिघडला, त्यामुळे गाणी आता फक्त आयपॉडमध्येच आहेत. त्याच्यातील लपवलेला फोल्डर उघडून सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, तर प्रत्येक फायलीचे नाव चार इंग्रजी अक्षरांचे आणि निरर्थक निघाले. स्टिरिओवर काय वाजेल याचा काही नेम राहिला नाही; मारव्यानंतर एकदम भैरवी आली, आणि प्रवास तर कुठे अर्धाही झाला नव्हता. शिवाय अर्ध्याअधिक फायली वाजल्याच नाहीत.


डेकवाला (सातारा):

मी गेली बावीस वर्षे गाड्यांना स्टिरिओ बसवतो आहे, त्यामुळे या तिन्ही तक्रारी माझ्या ओळखीच्या आहेत. आधी आपल्याला दिलासा देतो: स्टिरिओ बदलण्याची गरज नाही. आपण शेवटी जो मार्ग पकडला, तोच सर्वांत चांगला आहे. फक्त त्यात एक वायर जास्त झाली आहे.

शिट्टीपासून सुरुवात करतो. इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर, ज्याला आमचे मेकॅनिक लोक अजूनही डायनॅमोच म्हणतात, मुळात उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो आणि त्याच्या आतले डायोड ती एका दिशेची करतात. हे काम पूर्णपणे गुळगुळीत होत नाही. बॅटरीच्या बारा व्होल्टवर एक बारीक लहर शिल्लक राहते. इंजिन जितके वेगाने फिरेल तितकी ती लहर जलद होते, म्हणून आपल्या शिट्टीचा सूर ॲक्सिलरेटरबरोबर चढतो. ही लहर प्रत्येक गाडीत असते. ती कानावर येण्यासाठी तिला गाण्यात शिरायला वाट लागते, आणि ती वाट आपण स्वतः करून दिली आहे.

आयपॉड नुसत्या बॅटरीवर चालत असताना त्याचा गाडीच्या बॉडीशी, म्हणजे अर्थशी, एकच संबंध असतो, आणि तो ऑक्स वायरच्या बाहेरच्या जाळीतून येतो. चार्जर लावला की दुसरा संबंध तयार होतो, तो लायटरच्या सॉकेटच्या ऋण टोकातून. सॉकेटचा अर्थ एका ठिकाणी बॉडीला जोडलेला असतो आणि स्टिरिओचा दुसऱ्या ठिकाणी. या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडला तरी पुरे. त्या फरकामुळे ऑक्सच्या जाळीतून थोडासा प्रवाह वाहू लागतो, आणि स्टिरिओच्या दृष्टीने तोही गाण्याचाच भाग असल्यामुळे तो इमानेइतबारे त्याला मोठा करून स्पीकरवर पाठवतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. इतर संगीतात ही शिट्टी ढोलकीखाली आणि गिटारखाली दबून जाते, परंतु ज्या संगीतात पाच-पाच मिनिटे केवळ तानपुरा आणि एक स्वर असतो, तिथे तिला लपायला जागाच नसते. आपल्या वडिलांचा कान उत्तम आहे, एवढेच मी म्हणेन.

कृपया एक चाचणी करावी. इंजिन चालू ठेवून आयपॉड ऑक्सवर लावा, आणि चार्जरची पिन सॉकेटमधून काढा. शिट्टी तत्क्षणी गेली तर दोष लूपचाच आहे, असे समजा. मग उपाय दोन आहेत. पहिला, आयपॉडला गाडीऐवजी पॉवर बँकेवरून वीज द्यावी; पॉवर बँकेचा गाडीशी काही संबंध नसल्यामुळे लूप तयारच होत नाही. दुसरा, ऑक्स वायरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावावी. त्या डबीत डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो. गाणे चुंबकीय मार्गाने पलीकडे जाते आणि अर्थचा धागा तुटतो. मात्र स्वस्तातल्या डबीत खर्जाचे नुकसान होते, कारण ट्रान्सफॉर्मरचा गाभा फारच लहान असतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमक आणि पखवाज ऐकणाऱ्याला ते जाणवते, म्हणून मी आपल्याला पॉवर बँकच सुचवीन.

आता एफएम ट्रान्समीटरबद्दल. तो म्हणजे आपल्या गाडीपुरते चिमुकले नभोवाणी केंद्र असते. रिसीव्हरचा स्वभाव असा की एकाच वारंवारतेवर दोन केंद्रे आली तर तो प्रबळ केंद्राला धरतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. ट्रान्समीटर डॅशबोर्डच्या खाली असतो आणि गाडीची अँटेना छतावर, त्यामुळे बाहेरचे केंद्र थोडे जवळ आले की जिंकते. सांगलीत जी जागा रिकामी असते, ती साताऱ्यात रिकामी असेलच असे नाही. आपल्याकडे कोल्हापूर आकाशवाणी १०२.७ वर आहे, साताऱ्याची १०३.१ वर, आणि पुण्याकडे सरकले की १०१ वर विविध भारती येते. खासगी केंद्रे वेगळीच. त्यामुळे कराडच्या पुढे आपल्या भीमपलासीत जे गृहस्थ बोलू लागले, त्यांचा काही दोष नाही. ज्यांच्या गाडीला ऑक्सही नाही आणि यूएसबीही नाही, त्यांनीच ट्रान्समीटरच्या वाटेला जावे. तेव्हाही शेजारच्या दोन्ही बाजूंना केंद्र नसलेल्या तीन वेगवेगळ्या वारंवारता आधीच स्टिरिओच्या बटणांवर साठवून ठेवाव्यात आणि प्लेअरचा आवाज बेताचा ठेवावा, कारण तो फार वाढवला की गाणे फाटते.

यूएसबीवर ‘एरर’ येण्याचे कारणही सांगून टाकतो. स्टिरिओवर यूएसबीचे छिद्र आहे म्हणजे तो आयपॉड ओळखेल, असे नसते. आयपॉडशी बोलण्यासाठी स्टिरिओमध्ये ॲपलची ओळख पटवणारी खास चिप बसवलेली असावी लागते, आणि ज्यात ती असते त्याच्या खोक्यावर तसा शिक्का असतो. आपला स्टिरिओ फक्त पेन ड्राइव्ह ओळखतो. त्यात काही बिघाड नाही, आणि तो दुरुस्त करून देतो असे कोणी म्हणाले तर पैसे देऊ नयेत.


प्रवासी (कराड):

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, हे मान्य करतो. परंतु पेन ड्राइव्हचा मार्ग मी स्वतः चार वर्षे वापरतो आहे, आणि आपण ज्या अडचणी लिहिल्या त्या सर्व मला आल्या होत्या, म्हणून थोडी भर घालतो. निदान एक जादा प्रत म्हणून तरी ती उपयोगी पडेल, कारण वडिलांचा सारा संग्रह एकाच बारा वर्षे जुन्या हार्ड डिस्कवर असणे मला धोक्याचे वाटते.

आयपॉड गाणी आत घेताना फायलींची नावे बदलून त्यांना निरनिराळ्या फोल्डरांत विखरून टाकतो. कोणते गाणे कुठे आहे, याची नोंद तो स्वतःच्या वहीत ठेवतो. मात्र रागाचे नाव, गायकाचे नाव, क्रमांक ही माहिती जर आपण टॅगमध्ये भरली असेल, तर ती प्रत्येक फायलीच्या पोटात शाबूत असते. टॅग वाचून फायलींना नावे देणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. त्यांच्याकडून एका रात्रीत सर्व फायलींना पूर्ववत नावे देता येतात. ज्या फायली वाजल्या नाहीत, त्या बहुधा ॲपलच्या लॉसलेस प्रकारातल्या असाव्यात. साध्या स्टिरिओला तो प्रकार कळत नाही. त्यांच्या एमपी३ प्रती कराव्या लागतील, मूळ फायली मात्र जपून ठेवाव्यात.

पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. ३२ जीबीपेक्षा मोठे पेन ड्राइव्ह बहुधा वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि जुने स्टिरिओ ते वाचत नाहीत; म्हणून १६ किंवा ३२ जीबीचे दोन-तीन पेन ड्राइव्ह घेणे सोयीचे पडते. मला सर्वाधिक मनस्ताप झाला तो क्रमाचा. कित्येक स्टिरिओ फायली नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, तर ज्या क्रमाने त्या पेन ड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. मी नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालूनही द्रुत आधी आणि विलंबित नंतर ऐकत होतो. शेवटी रिकाम्या पेन ड्राइव्हवर एकेक फोल्डर क्रमाने घातला, तेव्हा कुठे बैठक सरळ झाली. देवनागरी नावे मात्र माझ्या स्टिरिओवर नुसत्या चौकोनांच्या रांगा होऊन दिसतात. ‘यमन’ काय आणि ‘मारवा’ काय, दोन्ही नुसते चौकोन.

एक उणीव मात्र मला दूर करता आलेली नाही. पन्नास मिनिटांचा एक राग ऐकताना मध्ये पेट्रोल भरायला थांबून गाडी बंद केली, तर पुन्हा सुरू केल्यावर माझा स्टिरिओ त्या रागाच्या पहिल्या षड्जावर जाऊन बसतो. आयपॉड जिथे थांबवला तिथूनच पुढे गातो, हे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.


तारांचा गुंता (मिरज):

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, आणि राहतो सतारमेकरांच्या आळीजवळ, त्यामुळे या धाग्यात दोन्ही बाजूंनी रस आहे. डेकवाल्यांचे निदान अचूक आहे. त्यात दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली, आवाज कुठून काढावा याची. आपण आयपॉडच्या हेडफोनच्या छिद्रातून आवाज घेत असाल, तर तो आवाज आतल्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून, व्हॉल्यूमच्या नियंत्रणातून फिरून बाहेर येतो. आयपॉडच्या खालच्या बाजूला जे रुंद, तीस पिनांचे छिद्र आहे, तिथे मात्र लाइन आउट मिळतो. त्याची पातळी ठरलेली असते. चाक फिरवून ती कमी-जास्त होत नाही, आणि गाडीच्या स्टिरिओला नेमके हेच हवे असते. तीस पिनांच्या जोडणीतून एक शेपूट ऑक्सला आणि दुसरे यूएसबीला, अशी वायर मिळते. तिचे यूएसबीचे शेपूट पॉवर बँकेत घालावे. ते गाडीच्या चार्जरमध्ये घातले, तर आपला तिसरा तानपुरा पुन्हा येऊन बसेल. तशी वायर न मिळाल्यास हेडफोनचे छिद्र चालेल. मग आयपॉडचा आवाज पूर्ण न ठेवता साधारण तीन-चतुर्थांश ठेवावा आणि बाकीचे काम स्टिरिओच्या बटणावर सोपवावे. आयपॉड अगदी हळू ठेवून स्टिरिओ पूर्ण वाढवला, तर स्टिरिओची स्वतःची खरखरही सोबत वाढते. आयपॉडमधला इक्वलायझर कृपया बंद ठेवावा. खर्ज वाढवणारे त्याचे पर्याय आवाज फाडतात. निरनिराळ्या कॅसेटवरून उतरवल्यामुळे एक राग मोठा आणि दुसरा हळू वाजत असेल, तर ‘साउंड चेक’ हा पर्याय चालू करून पाहावा.

दुसरी गोष्ट पिनेची, आणि ती विलक्षण आहे. ऑक्सच्या पिनेवर तीन भाग असतात: टोक डाव्या बाजूचे, मधले कडे उजव्या बाजूचे आणि मुळाशी अर्थ. मोबाइलच्या हेडफोनच्या पिनेवर माइकसाठी चौथा भाग असतो. पिन छिद्रात पूर्ण बसली नाही, किंवा वायर वाकून वाकून तिचा अर्थ तुटला, तर स्टिरिओपर्यंत डाव्या आणि उजव्या बाजूंमधला केवळ फरक पोहोचतो. जे दोन्ही बाजूंना सारखे असते, ते एकमेकांतून वजा होऊन जाते. अलीकडच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गायक मध्यभागी असतो, त्यामुळे अशा वेळी गायकच नाहीसा होतो आणि पोकळ साथ तेवढी ऐकू येते. आपल्या वडिलांच्या संग्रहातील बरीच मुद्रणे एकाच माइकवर, एकेरी पद्धतीने झालेली असणार. त्यांच्या बाबतीत तर जवळजवळ सगळेच वजा होईल. माझ्याकडे एकजण असा आयपॉड घेऊन आले होते, की नवी गाणी वाजतात पण मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या वाजत नाहीत, जणू प्लेअरला जुन्या गाण्याचे वावडेच होते. वायर बदलली, आणि खाँसाहेब परत आले.


टेपची आठवण (उंब्रज):

प्रश्नकर्त्यांच्या गाडीत कॅसेटचा डेक नाही, त्यामुळे हा प्रतिसाद त्यांच्या थेट कामाचा नाही, तरी ज्यांच्याकडे तशी गाडी आहे त्यांच्यासाठी लिहितो. माझी १९९८ ची गाडी अजून चालू आहे आणि तिच्या डेकला ऑक्स नाही. मी कॅसेट अडॅप्टर वापरतो. त्याचा आकार कॅसेटसारखाच असतो, पण आत फीत नसते; जिथे फीत डेकच्या हेडला टेकते, तिथे त्यात उलट काम करणारे एक हेड बसवलेले असते. प्लेअरचा आवाज वायरीने त्या हेडपर्यंत येतो, ते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, आणि डेकच्या हेडला वाटते की समोरून फीतच सरकते आहे. डेकने फीत संपली असे समजून बंद पडू नये, म्हणून आतल्या दोन चकत्या दातेरी चाकांनी फिरत्या ठेवलेल्या असतात.

एफएम ट्रान्समीटरपेक्षा हा प्रकार मला कितीतरी बरा वाटतो, कारण त्यात बाहेरचे कोणी घुसत नाही. त्याची खोड म्हणजे ती दातेरी चाके. ती झिजली की मंद कुरकुर ऐकू येते, आणि ऑटो रिव्हर्स असलेला डेक अधूनमधून बाजू बदलून गप्प बसतो. डेकचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यावर आवाज किती उजळतो, हे अनुभवल्याशिवाय कळायचे नाही.

आणि आकाशवाणी केंद्रांची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो: आमच्या लहानपणी सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर, मध्यम लहरींवर ऐकू येई. गाडीत ती लावली, तर शिट्टीच काय, प्रत्येक स्कूटरच्या प्लगची ठिणगीसुद्धा ऐकायला मिळे.


कृष्णाकाठ (सांगली):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डेकवाल्यांनी सांगितलेली चाचणी त्याच दिवशी केली. चार्जर काढताच शिट्टी क्षणात बंद झाली आणि परत लावताच सुरू झाली. वडिलांना हे इतके गमतीचे वाटले की त्यांनी मला ते चार वेळा करायला लावले.

तीस पिनांची दोन शेपटांची वायर सांगलीत मिळाली नाही, ती ऑनलाइन मागवली. कालच साताऱ्याला जाऊन आलो. पॉवर बँक वडिलांच्या शेजारी सीटवर होती. सांगलीपासून बहिणीच्या दारापर्यंत शिट्टी एकदाही आली नाही, आणि लाइन आउटमुळे आवाज पूर्वीपेक्षा मोकळा आणि भरदार वाटला. एक अडचण आली ती अशी, की आयपॉडची बॅटरी भरल्यावर तो फारच थोडी वीज घेतो, आणि पॉवर बँकेला वाटते की काही जोडलेलेच नाही, म्हणून ती आपोआप बंद होते. हा आयपॉड नवा होता तेव्हा ३६ तास चालत असे. आता तीन तास चालतो. त्यामुळे ती बंद झाली तरी एका फेरीपुरते निभावते, आणि बॅटरी उतरू लागल्यावर तिचे बटण दाबून ती पुन्हा सुरू करता येते.

उन्हाबद्दल कोणी लिहिले नव्हते, म्हणून नोंदवतो. आयपॉड ३५ अंशांपर्यंतच वापरावा आणि ४५ अंशांच्या वर ठेवूही नये, असे त्याच्या माहितीपत्रकात आहे. सांगलीच्या एप्रिलमध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड याच्या कितीतरी पुढे जातो. आता गाडीतून उतरताना आयपॉड चष्म्याच्या घरात घालून बरोबर नेतो. प्रवासी यांच्या सल्ल्याप्रमाणे संग्रहाच्या दुसऱ्या प्रतीचे कामही सुरू केले आहे. टॅग बहुतेक ठिकाणी भरलेले होते, हे नशीबच.

एक बारीक शंका राहिली आहे. पूर्ण शांततेत, आलापाच्या दोन फेकींच्या मधल्या जागेत, मी वळणाचा इंडिकेटर दिला की स्पीकरमधून अगदी हलकी टक टक ऐकू येते. शिट्टी नाही, केवळ टक टक. यालाही लूपच कारण आहे का?


डेकवाला (सातारा):

नाही. ही टक टक आयपॉड काढून सीडी लावल्यावरही येते का, तेवढे पाहून कळवावे. सीडीवर आली तर ऑक्सचा संबंध नाही.


कृष्णाकाठ (सांगली):

सीडीवरही येते. रेडिओवर दोन केंद्रांच्या मधल्या शांत जागीही येते.


डेकवाला (सातारा):

मग स्टिरिओचाच अर्थ कमजोर झाला आहे. पॅनेल काढल्यावर स्टिरिओच्या मागे जो कपलर, म्हणजे वायरींचा एकत्र जोड, दिसेल, त्यातली काळी वायर बहुतेक गाड्यांत अर्थची असते. तरीही आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकृतीशी ती ताडून पाहावी. ती वायर पुढे जिथे बॉडीला बोल्टने बांधलेली असते, तिथे बारा वर्षांत गंज धरतो. बोल्ट काढावा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासावा आणि पुन्हा घट्ट आवळावा. काही कापावे लागत नाही. हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार मात्र सोडवावी, आणि त्याच्याही आधी स्टिरिओचा कोड शोधून ठेवावा, कारण गाडीबरोबर आलेले काही स्टिरिओ वीज तुटली की परत सुरू होताना कोड विचारतात आणि चुकीचा कोड वारंवार दिला तर कुलूप लावून बसतात.


कृष्णाकाठ (सांगली):

कोडचे छोटे कार्ड गाडीच्या पुस्तिकेच्या मागच्या खिशात सापडले. रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी पॅनेल उघडतो आणि काय दिसते ते इथे लिहितो.